चार बोटं

मागच्या जुलैत गगनबावड्याला चहाला थांबलो होतो. पाऊस असा की समोरचा रस्ता दिसत नव्हता, टपरीच्या पत्र्यावर नुसता तडतडाट, आणि जीपच्या बॉनेटवरून वाफा निघत होत्या. शेजारी एक नवी थार येऊन उभी राहिली, काळी, उंच केलेली, टायर माझ्या मांडीच्या वर येतील एवढे. त्यातून उतरलेला पोरगा बावीस-तेवीसचा असेल, बोलायला गोड होता. त्यानं माझ्या जीपभोवती भर पावसात एक चक्कर मारली, मागच्या चाकापाशी वाकला, हातातला मोबाईल टॉर्च लावून आत बघितलं आणि मग छपराखाली येऊन म्हणाला, "काका, गाडी लय भारी ठेवलीय तुम्ही. पण बसलीय हो. मागचे पाटे गेलेत. लिफ्ट करून घ्या आणि एकतीसचे टायर टाका, मग बघा कशी दिसतीय." मी हो हो म्हटलं. त्याचा चहा झाला, माझा झाला, तो करूळ घाटाकडं गेला आणि मी कोल्हापूरकडं.

पण तो शब्द काही डोक्यातून जाईना. बसलीय.

आवाज बसतो, धंदा बसतो, पावसाळ्यात जुन्या घराची भिंत बसते. यातलं काहीच चांगलं नसतं. त्या पोरानं वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तो चुकीचंही बोलत नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं. घरी पोचेपर्यंत अंधार पडला होता तरी मी छत्री घेऊन परत खाली आलो, मागच्या चाकाच्या वरून कोपरापर्यंत हात आत घातला, चिखलानं बाही माखली, आणि आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या पद्धतीनं बोटं लावून बघितली. डावीकडं चार बोटं बसली. उजवीकडं तीनच.

ही चार बोटं म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. आमची जीप एमएम ५४०, १९९२ ची, आबांनी नवी घेतलेली, २,११२ सीसीचं प्यूजो डिझेल, ९१ इंचाचा व्हीलबेस, चारी बाजूला पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. अशा गाडीत चासीच्या म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या खाली, हाउसिंगच्या म्हणजे दोन चाकांमधल्या आडव्या लोखंडी नळीच्या बरोब्बर वर, रबराचा एक ठोकळा असतो, त्याला आमच्याकडं बफर म्हणतात. खड्ड्यात चाक वर उसळलं की पाटे दबत दबत जातात आणि शेवटी हाउसिंग त्या बफरवर आदळतं. तिथं पाट्याचं काम संपतं, पुढचा धक्का थेट चासीला आणि तुमच्या मणक्याला. आबा म्हणायचे, रिकाम्या गाडीत बफर आणि हाउसिंग यांच्यामध्ये आपली चार बोटं आडवी बसली पाहिजेत, तेवढी जागा असली की गाडीला श्वास घेता येतो. टेप वगैरे त्यांनी कधी लावली नाही. दर बेंदराला बैलांची शिंगं रंगवून झाली की हात न धुता, त्याच हिंगुळाच्या लाल हातांनी ते जीपखाली हात घालायचे. बफरच्या रबरावर लाल बोटं उमटलेली मला आठवतायत, पुढं चिखलानं पुसली जायची आणि पुढच्या वर्षी परत उमटायची.

पाटा बसतो कसा हेही मी त्यांच्याकडूनच बघत शिकलो. नवा पाटा कमानदार असतो, दोन्ही टोकं वर, पोट खाली. सगळ्यात लांब तो मेन पाटा, त्याच्या दोन्ही टोकांना डोळे, त्यात बुश, एका टोकाला पिन आणि दुसऱ्या टोकाला शॅकल म्हणजे झुलती पट्टी, कारण पाटा दबला की लांब होतो आणि त्या लांबीला सरकायला कुठंतरी वाव लागतो. मेनच्या खाली एकेक आखूड होत गेलेले पाटे, मधोमध सेंटर बोल्टनं शिवलेले, आणि सगळा गठ्ठा यू-बोल्टनं हाउसिंगला आवळलेला. ओझं पडलं की पाटे एकमेकांवर घासत सरकतात, त्या घासण्यातच काही धक्का जिरतो. वर्षानुवर्षं ओझं पडत राहिलं की कमान हळूहळू सपाट होते. मध्ये पाणी शिरतं, गंज फुगतो, पाटे एकमेकांना चिकटतात, मग गाडी एकाच वेळी बसकी पण होते आणि कडक पण. म्हणून पाटे उकलून, वायर ब्रश मारून, ग्रेफाइट ग्रीस लावून परत बांधायचे असतात. हे काम हल्ली फारसं कुणी करत नाही आणि सांगितलं तर गॅरेजवाले तोंड वाकडं करतात.

आमच्या जीपवर ओझं पडलंच तसं. सकाळी डेअरीला दुधाचे कॅन, चाळीस-चाळीस लिटरचे दहा-बारा, म्हणजे अर्धा टन तिथंच झाला. सीझनला गुळाचे रवे कोल्हापूरला मार्केट यार्डात. लग्नसराईत वऱ्हाड, आणि एखाद्या बाजाराच्या दिवशी वडाप चुकलेली माणसं हात करायची तेव्हा आबा कुणाला नाही म्हणायचे नाहीत, मागं दहा, पुढं तीन, मागच्या फळीवर उभे दोन. पैसे घेतले नाहीत कधी. बाळंतपणाच्या किती खेपा झाल्या असतील ते आईला विचारायला पाहिजे, तिच्या लक्षात आहेत सगळ्या. पावसाळ्यात भाताच्या शेतातनं चिखल तुडवत जाणारी ही एवढीच गाडी होती आमच्या वाडीत. उजवी बाजू जास्त बसली कारण आबा कधी एकटेही असायचे, आणि एकटा माणूस गाडीत उजवीकडंच बसतो. तीसेक वर्षं एका माणसाचं वजन एका बाजूला पडलं त्याचं ते एक बोट.

आता मी एकतीस इंची टायरबद्दल बोलायला मोकळा आहे का, तर आहे, कारण मी ते करून बसलोय.

२०११ साली माझा पगार नुकताच बरा व्हायला लागला होता. पुण्यात मित्रांच्या जीपा होत्या, रविवारी मुळशीकडं कुठंतरी चिखलात घालायच्या, आणि सगळ्यांच्या गाड्या उंच, टायर रुंद, बघितलं की छाती फुगावी अशा. आमच्या जीपला तेव्हा १५ च्या रिमवर २३५/७५ चे टायर होते. आबांनी आधी कधीतरी मूळचे ६.०० बाय १६ चे अरुंद टायर काढून हे बसवले होते आणि ते त्यांनी डोळे झाकून केलं नव्हतं. २३५ चे ७५ टक्के म्हणजे १७६ मिलिमीटर, ते वर आणि खाली मिळून ३५२, त्यात १५ इंचाच्या रिमचे ३८१ मिळवले की ७३३, म्हणजे एकोणतीस इंचाला जरासं कमी. मूळ टायरची उंचीही तिथंच कुठंतरी होती. गाडी जशी बनवली तेवढ्याच उंचीवर राहिली, फक्त पायाखाली थोडी रुंदी आली. मी मात्र सुट्टीला घरी आलो तेव्हा आबांना न विचारता जीप शहरात घेऊन गेलो, एका दुकानात ३१ इंची, साडेदहा रुंदीचे टायर घेतले, आणि ते मडगार्डला लागू नयेत म्हणून त्याच दुकानदाराच्या सल्ल्यानं चारी शॅकल दोन-दोन इंच लांब टाकून घेतले. शॅकल दोन इंच वाढलं की गाडी एकच इंच उचलते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं, दुसरं पिनवर तिथल्या तिथं. हे मला तेव्हा कळतही नव्हतं. गाडी उंच दिसली, मी खूष झालो, त्या दिवशी रस्त्यानं येताना दुकानांच्या काचांमध्ये गाडीचं प्रतिबिंब बघत आलो.

दुसऱ्या दिवशी आबांना घेऊन भुईबावडा घाटानं खाली कोकणात जायचं होतं, आत्याकडं. सपाट रस्त्यालाच स्टिअरिंग हातात थांबेना, गाडी जरा डावीकडं, जरा उजवीकडं, सारखी सरळ करावी लागायची. पुढचं शॅकल लांबवलं की पुढचं एक्सेल थोडं फिरतं, पुढचं चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनचा कल बदलतो, आणि वळून आल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायची जी सवय गाडीला असते ती जाते. पाचर घालून तो कल परत आणता येतो, पण पाचर घालायला आधी ते माहीत पाहिजे. चढाला तिसऱ्यात जाणारी गाडी दुसरा मागायला लागली, कारण टायर मोठा म्हणजे इंजिनच्या दृष्टीनं सगळे गिअर लांब झाले. स्पीडोमीटर साठ दाखवायचा तेव्हा आम्ही चौसष्टच्या पुढं असायचो. हे सगळं मी मनातल्या मनात चालवून घेतलं. घाटातल्या एका पूर्ण वळणाला, स्टिअरिंग शेवटपर्यंत तोडलेलं, डावं पुढचं चाक मोरीजवळच्या खड्ड्यात गेलं आणि खर्रर्र असा आवाज आला, असा की पोटात गोळा आला. रबर जळाल्याचा वास. थांबून बघितलं तर मडगार्डच्या आतल्या कडेनं टायरच्या खांद्यावर बोटभर लांब चीर काढली होती, आणि मडगार्डच्या पोटात काळी अर्धगोल रेघ, खडूनं काढावी तशी.

आबांनी उतरून ती रेघ बघितली. बोटानं पुसून बघितली. काही बोलले नाहीत.

त्या रेघेचं कारण कळायला मला नंतर बरेच महिने लागले आणि जेव्हा कळलं तेव्हा वाटलं हे कुणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं. उभी गाडी बघून टायर आणि मडगार्ड यांच्यात किती जागा आहे हे बघायचंच नसतं. शॅकल लांबवा नाहीतर पाट्यात जादा पाटा घाला, गाडी उभी असताना वर दिसेल, पण खड्ड्यात पाटा पूर्ण दबला की हाउसिंग त्याच जुन्या बफरवर जाऊन टेकतं. बफर आहे तिथंच आहे. म्हणजे चाक वर जायचं तेवढं जाणारच, आणि टायर जर आधीपेक्षा मोठा असेल तर तो तेवढा जास्त आत घुसणार. एकतीस इंच म्हणजे ७८७ मिलिमीटर, आधीचे ७३३, फरकाचे निम्मे सत्तावीस. दीड बोट. ते दीड बोट त्या मडगार्डमध्ये शिल्लक नव्हतं, आणि वर टायर रुंद, त्यामुळं स्टिअरिंग तोडलं की आतली कड पाट्याला आणि बाहेरची कड पत्र्याला. करायचंच असेल तर बफर तेवढा खाली घ्यावा लागतो, नाहीतर पत्रा कापावा लागतो, आणि टायर घालून झाल्यावर एक चाक दगडावर चढवून, पाटा दाबून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघावं लागतं. टायरच्या खांद्याला ओला चुना फासला की कुठं लागतंय ते पत्र्यावर स्वच्छ उमटतं. पंधरा मिनिटांचं काम आहे.

आणि मिळालं काय, तर तेच दीड बोट. कारण अशा गाडीत सगळ्यात खाली असतो तो डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा गोळा, आणि गोळा हाउसिंगमध्ये, हाउसिंग चाकांच्या मधोमध. पाटे कितीही उचला, बॉडी वर जाते, गोळा जिथल्या तिथं. दगडाला लागायचा तो गोळाच लागतो. तो उचलायचा एकच मार्ग, टायर मोठा, आणि तोही निम्म्यानं. आमच्या भागातल्या चिखलात तर रुंद टायरची मला फारशी गरजही दिसली नाही. भातखाचरातला चिखल वीतभर असतो, त्याखाली घट्ट मुरूम, अरुंद टायर चिखल कापत खाली जातो आणि मुरमाला धरतो, रुंद टायर वरच तरंगतो आणि फिरत राहतो. समुद्राच्या वाळूत उलट, तिथं रुंदीच पाहिजे आणि हवाही कमी करावी लागते. मित्रांपैकी काहींनी पुढं पाटे हाउसिंगच्या वर बसवून घेतले. मूळच्या जीपमध्ये ते खाली असतात, वर घेतले की गाडी एकदम पाच इंचांच्या पुढं उचलते. त्यातल्या ज्यानं प्रोपेलर शाफ्टचा कोन, ब्रेकच्या नळ्या, स्टिअरिंगचे रॉड सगळं नीट करून घेतलं त्याची गाडी खरंच सुंदर चालते, मी चालवलीय. ज्यानं नाही केलं त्याच्या शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस दर दोन-तीन महिन्यांनी जायचे. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत बदल केलेली गाडी चालणार नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आणि मग बऱ्याच जणांनी पासिंगच्या आधी जुने टायर शोधायला सुरुवात केली. मला त्या निकालाबद्दल दोन्ही बाजूंनी वाटतं. जीपवर प्रेम करणारा माणूस तिला हात लावल्याशिवाय राहत नाही, आणि ती काळी रेघ मी माझ्या डोळ्यांनी बघितलीय.

पण मी ते टायर काढले ते या कुठल्याच कारणानं नाही.

घाटातनं आल्यावर आबा चार महिने जीपमध्ये बसले नाहीत. एसटीनं जायचे, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसायचे. विचारलं की म्हणायचे, जवळच तर जायचंय. मला वाटलं रागावलेत, टायर न विचारता टाकले म्हणून. दिवाळीला आलो होतो तेव्हा एकदा सकाळी मी ओट्यावर दात घासत होतो आणि आबा जीपच्या डाव्या बाजूला उभे होते, मी बघतोय हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी एका हातानं डॅशबोर्डवरचं हँडल धरलं. उजवा पाय उचलला आणि दाराखालच्या पायरीकडं नेला. आम्ही तिथं एक लोखंडी पायरी बसवून घेतलीय, आईसाठी. पाय पायरीपर्यंत पोचला नाही, थोडा खाली राहिला. त्यांनी पाय परत जमिनीवर ठेवला, हातानं गुडघा जरा चोळला, परत उचलला. परत नाही. मग ते हँडल सोडून मागं झाले आणि गाडीच्या बॉनेटवर दोनदा हळू थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी, आणि गोठ्याकडं गेले.

टायरचे सत्तावीस मिलिमीटर आणि शॅकलचे पंचवीस. दोन इंच. तेवढ्यानं माझा बाप त्याच्या स्वतःच्या जीपमध्ये चढू शकत नव्हता, आणि त्यानं मला ते सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात मी शॅकल आणि टायर जुने घातले. शिवाजी उद्यमनगरात पाट्याचं काम करणारे एक मिस्त्री आहेत, त्यांच्याकडं नेली होती, त्यांनी तेव्हा चारी गठ्ठे उकलून साफ करून दिले आणि मागच्या पाट्यांना कमान मारून दिली. तापवून नाही, गार असतानाच, ऐरणीवर ठेवून इंचाइंचानं हातोडा. त्यांचं म्हणणं, पाट्याचं पाणी कारखान्यात एकदा दिलेलं असतं, भट्टीत घालून ते घालवायचं आणि नीट परत देता आलं नाही की पाटा एकतर मऊ होतो नाहीतर कडकन मोडतो. गार मारलेली कमान कायमची टिकत नाही, पण पाटा जिवंत राहतो. बरोबर आहे, ती कमान आता गेलीच, त्या थारवाल्या पोराला दिसली नाही ती हीच.

तर मागच्या जुलैमधली ती तीन बोटं घेऊन यंदा मी परत उद्यमनगरात गेलो. मिस्त्री थकलेत, आता मुलगा काम करतो, ते खुर्चीवर बसून बघतात. मी सांगितलं, उजवी मागची बाजू बसलीय. मुलगा म्हणाला एक पाटा जादा घालू, दोन इंच वर येईल, एकदम टकाटक. मी म्हटलं वर नको. मिस्त्रींनी विचारलं, का वो मालक? मी त्यांना आबांच्या गुडघ्याचं सांगितलं. आबा आता शहात्तरचे आहेत, दोन्ही गुडघे, पण अजून डेअरीपर्यंत जीपनंच जायचं असतं त्यांना, डावीकडं बसून, कारण गाडी आता मी किंवा भाऊ चालवतो. मिस्त्रींनी काठी टेकत उठून मागं येऊन बघितलं. वाकले नाहीत, वाकवत नव्हतं, मुलाला म्हणाले बोटं घाल. मुलानं सांगितलं, इकडं तीन, तिकडं चार. मिस्त्री जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग कमान मारायची गरजच न्हाई. मागचे दोन्ही पाटे सारखेच असत्यात. उजवा डावीकडं घाल, डावा उजवीकडं. चालवणारा बसला की उजवी बाजू दबून गाडी लेव्हलला येतीय. आणि आबांची बाजू तेवढी खाली ऱ्हातीय."

संध्याकाळपर्यंत काम झालं. यू-बोल्ट नवे टाकले, जुने एकदा काढले की परत घालायचे नसतात, आट्या ताणलेल्या असतात. बुश बदलले. पाटे उकललेच होते म्हणून मुलानं ग्रीस मारून बांधले. रात्री वाडीत पोचलो, पाऊस थांबला होता, मी टेप घेऊन पायरी मोजली. जाताना जमिनीपासून पंचेचाळीस होती, आता चव्वेचाळीस. मागची बाजू दोन सेंटीमीटर खाली आली तर मधली पायरी एक. रिकामी गाडी आता डावीकडं जराशी कललेली दिसते, ओट्यावरून बघितलं तर समजतं, त्या थारवाल्या पोराला पुन्हा भेटली तर तो नक्की सांगेल.

सकाळी आबा आले, हँडल धरलं, पाय उचलून पायरीवर ठेवला आणि आत बसले. मग खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाले, बोटं बघितलीस का रे? मी म्हटलं बघितली, आता डावीकडं तीन आहेत आणि उजवीकडं चार. ते म्हणाले, डावीकडं तीन कशी? मी गाडी चालू केली. डेअरीपर्यंतच्या रस्त्याला त्यांना सगळं सांगितलं, शॅकलपासून, आणि ते समोर बघत ऐकत होते.